आमची वाटचाल : इस्त्री, फेरिक आणि पंपाचं कार्ड

वडिलांचं सांगलीत मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. उन्हाळ्यात दारात जळालेल्या पंपांची रांग लागायची आणि कारण बहुधा एकच : तीनपैकी एक फेज गेला, मोटर उरलेल्या दोन फेजवर चालत राहिली, वाइंडिंग काळं पडलं. शेतीची लाइट पाळीनं रात्री येणार, तेव्हा विहिरीवर बघायला कोण असतं? मोटर भरण्याचे पैसे आम्हाला मिळायचे, पण ऐन पाण्याच्या वेळी पंप बंद पडला की गिऱ्हाइकाचा चेहरा बघवत नसे. मोटर जळूच नये यासाठी काहीतरी करायचं, तिथून आमचा धंदा सुरू झाला.

एखादा फेज गेला की मोटर बंद करणारं कार्ड, म्हणजे सिंगल फेज प्रिव्हेंटर, बाजारात होतंच. पण साधं कार्ड फक्त व्होल्टेज बघतं. चालत्या मोटरचा फेज तुटला तरी फिरता रोटर त्या वाइंडिंगमध्ये स्वतःच व्होल्टेज तयार करतो आणि कार्डाला तिन्ही फेज असल्यासारखं वाटतं. सेटिंग कडक केलं, तर गावाकडच्या वरखाली होणाऱ्या व्होल्टेजवर ते उगाच ट्रिप होतं. मग शेतकरी वैतागून कार्ड वगळतो आणि मोटर डायरेक्ट जोडून टाकतो. म्हणून आम्ही करंट बघायचं ठरवलं. तिन्ही वायरींवर छोटे सीटी, म्हणजे करंट मोजणाऱ्या कॉइल, बसवायचे, एका वायरीचा करंट गेला की रिले सुटून मोटर बंद झाली पाहिजे.

सर्किट जमलं, पण बोर्ड कोण करून देणार? कारखान्यांना मोठी ऑर्डर हवी आणि आमचं सर्किट तर दर आठवड्याला बदलत होतं. मग बोर्ड घरीच करायला लागलो.

पद्धत आजही तीच आहे. ट्रॅकचं, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेषांचं, चित्र आरशात दिसेल तसं उलटं करून मासिकाच्या गुळगुळीत कागदावर लेझर प्रिंट काढायचं. लेझरची शाई म्हणजे मुळात प्लास्टिकची पूड, उष्णतेनं ती तांब्याला चिकटते. कॉपर क्लॅड शीट (तांब्याचा पातळ थर असलेली शीट) भांड्यांच्या हिरव्या घासणीनं एकाच रंगाची दिसेपर्यंत घासायची आणि नंतर तिला बोटही लावायचं नाही, कारण बोटाचा तेलकटपणा राहिला की शाई तिथंच सुटते. वरून इस्त्री दाबायची, वाफ बंद ठेवून. मग शीट कोमट पाण्यात भिजवून कागद अंगठ्यानं चोळत काढायचा. तुटलेले ट्रॅक सीडी मार्करनं जोडायचे.

त्यानंतर फेरिक क्लोराइड, म्हणजे उघडं तांबं विरघळवणारं रसायन. प्लास्टिकच्या टबात, स्टीलला ते खातं. टब गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवला आणि माशांच्या टाकीचा हवेचा पंप सोडला की काम झपाट्यानं होतं. उघडं तांबं आधी फिकट गुलाबी होतं, मग कडेकडेनं विरत जातं आणि शेवटी फक्त काळे ट्रॅक उरतात. हे अजूनही मी उभं राहून बघतो. भोकं पाडायला बंद पडलेल्या फोटो स्टुडिओचा एन्लार्जरचा (फोटो मोठा करण्याच्या यंत्राचा) स्टँड घेतला आणि त्याला छोटी ड्रिल मोटर बांधली. १ मि.मी.चं कार्बाइड बिट जरा तिरकं झालं तरी तुटतं. हा स्टँड सरळ खाली येतो.

मागणी वाढली तशी लग्नपत्रिका छापणाऱ्या शेजाऱ्यांकडून छपाईची जाळी (स्क्रीन) करून घेतली आणि ट्रॅक शाईनं छापायला लागलो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठचे स्टार्टर पाण्याखाली गेले. दुरुस्तीला आलेली कार्डं उघडली तेव्हा गाळ ट्रॅकच्या मधे वाळून बसलेला होता आणि ४१५ व्होल्टच्या फेजमध्ये त्यातूनच करंट वाहत होता. त्यानंतर आम्ही दोन फेजमधलं अंतर वाढवून मध्ये खाच कापली आणि कार्ड पूर्ण इपॉक्सीत भरायला सुरुवात केली. डब्यात पाल शिरून शॉर्ट होण्याचा त्रासही त्यामुळे संपला. रोज सकाळी नवा नमुना, दुपारी तो पाण्यात बुडवून चाचणी, हे घरच्या टबामुळेच शक्य झालं.

विक्रीची कार्डं मात्र आता बाहेरून येतात. भोकांच्या आतून तांबं चढवणं आणि ट्रॅकवरचा हिरवा संरक्षक थर (मास्क) घरी नीट होत नाही, आणि शेतकऱ्याच्या विहिरीवर वर्षानुवर्षं टिकायचं कार्ड कारखान्याचंच असावं, असं माझं ठाम मत आहे. कुपवाडच्या शेडमध्ये एक कोपरा अजून फेरिकचा आहे. वापरलेलं फेरिक गटारात एक थेंबही जात नाही. त्यात तांबं विरघळलेलं असतं, ते पाण्यातल्या जिवांना मारतं. धुण्याचा सोडा घालून ते साक्यात बसवतो आणि साका घातक कचऱ्याच्या परवानाधारक एजन्सीला देतो.

सध्या सोलर पंपाला पाणी संपल्यावर थांबवणाऱ्या कार्डाचा नमुना टबात आहे. आयटीआयच्या मुलांना बोर्ड स्वतः करून बघायचा असेल, तर शनिवारी दुपारनंतर शेडवर या. शीट आम्ही देऊ; जुने कपडे घालून या, फेरिकचा डाग निघत नाही.