स्पितीला गाडी नेताय? आधी टायरची साइडवॉल बघा

पुण्याहून डस्टर घेऊन शिमला, किन्नौर, काझा आणि कुंझुम खिंडीतून मनाली, असा प्रवास करून परवा घरी पोचलो. नाको, ताबो, काझा सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलं, त्यावर लिहीत बसत नाही. लिहायचंय ते कुंझुम उतरल्यावर मनालीकडे जाताना लागणाऱ्या बातल ते ग्रांफू या पट्ट्याबद्दल आणि आमच्या गळ्यात मारलेल्या टायरांबद्दल. अजून डोकं शांत झालेलं नाही.

निघण्याच्या महिनाभर आधी टायर बदलले. गाडीचं मूळ माप 215/65 आर16, म्हणजे टायरची रुंदी 215 मिलिमीटर, साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या 65 टक्के आणि रिम 16 इंची. दुकानदार म्हणाला, "साहेब, डोंगरात जाताय ना? मग 17 इंची अलॉय आणि 225/55 टाका. टायर रुंद, ग्रिप जबरदस्त, आणि व्यास जवळपास तोच राहतो." व्यासाचं खरं होतं. पण 215 चे 65 टक्के म्हणजे 140 मिलिमीटर, आणि 225 चे 55 टक्के म्हणजे 124. रिम आणि दगड यांच्यामधलं 16 मिलिमीटर रबर मी पैसे मोजून कमी करून घेतलं. मोबाइलवर एका मिनिटात होणारं गणित, पण मी ते दुकानात केलं नाही.

बातलनंतर रस्ता असा नाहीच. चंद्रा नदीच्या काठानं दगडगोटे आणि त्यावरून वाहणारे नाले. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळून नाले फुगतात, म्हणून सकाळी लवकर निघा. आम्ही चहात वेळ घालवला आणि छोटा धाराच्या अलीकडे गुडघाभर पाण्यातून गाडी घालावी लागली. खालचा दगड दिसलाच नाही. डावा मागचा टायर फस्सकन बसला. साइडवॉलवर अंगठ्याएवढा काप, आतले धागे बाहेर आलेले. असा काप पंक्चर किटच्या स्ट्रिपनं भरत नाही. ते किट फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागासाठी.

स्टेपनी होती, पण नट सुटेनात. दुकानात ते मशीननं आवळलेले. पान्ह्यावर उभं राहून, बायकोनं खांद्याला धरलेलं असताना, पाचही नट सोडवायला पाऊण तास गेला. त्या उंचीवर चार वेळा वाकलं तरी दम लागतो. नवे टायर बसवले की घरी एकदा नट स्वतः सोडून पुन्हा हातानं आवळा. जॅकखाली ठेवायला जाड फळीचा तुकडा न्या, वाळूत जॅक रुततो.

पुढे ग्रांफूपर्यंत स्टेपनीशिवाय, ताशी दहाच्या वेगानं. मनालीत आमच्या मापाचा टायर चार दुकानांत नव्हता. पाचव्यानं कुल्लूहून मागवला आणि पुण्याच्या दीडपट पैसे घेतले. नाही म्हणायची सोय नव्हती. वर आणलेल्या टायरवरचे शेवटचे चार आकडे पाहिले तर 2420, म्हणजे टायर 2020 सालच्या 24 व्या आठवड्यात बनलेला. तुम्ही हे आकडे पैसे देण्याआधी बघा.

माझं स्पष्ट मत : मूळ रिमच ठेवा, 16 इंचीच बरी. एटी (ऑल-टेरेन, सगळ्या रस्त्यांवर चालणारा) टायर घ्या, साइडवॉल जाड असलेला. एमटी (मड-टेरेन, चिखलासाठीचा) नको, पुण्याहून स्पितीपर्यंतचा बहुतेक रस्ता डांबरी आहे, तिथे तो गुणगुणत राहतो आणि डिझेल खातो. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको. 98 म्हणजे एका टायरवर 750 किलो, सामान भरल्यावर तो आकडा लागतो.

हवा रोज सकाळी टायर थंड असताना मोजा. उंचीवर बाहेरचा दाब कमी होतो, त्यामुळे पुण्यात भरलेली हवा कुंझुमच्या साडेचार हजार मीटरवर, तापमान तेच असेल तर, सुमारे 5 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) जास्त दिसते. थंडी ती पुन्हा खाली ओढते, म्हणून अंदाज चालत नाही. दगडांवर मी 28 ठेवली असती. त्याखाली गेलात तर साइडवॉल बाहेर फुगते आणि पुन्हा दगडाच्या तोंडी जाते. ग्रांफूनंतर डांबर लागलं की लगेच भरा, त्यासाठी 12 व्होल्टचा पंप गाडीत हवाच. काझा सोडल्यावर तिथपर्यंत हवा भरून देणारं कुणी भेटत नाही.