उलटा बाण

"मॅडम, तुमच्या नकाशात आमच्याकडं नुसते बाण येतायत. आमच्याकडनं एक बी भाईर जात न्हाई."

एसटीच्या वाहतूक नियंत्रकांनी हे म्हटलं तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. सभागृहातल्या अर्ध्या लोकांचं लक्ष जेवणाकडे होतं आणि मी भिंतीवर चिकटवलेल्या माझ्याच आराखड्याकडे बघत उभी होते. दहा यंत्रणांचे दहा चौकोन आणि कुणाची माहिती कुणाकडे जाते ते दाखवणारे बाण. दोन महिने खपून काढलेला. नियंत्रक म्हणत होते ते खरंच होतं. एसटीच्या चौकोनात चार बाण शिरत होते, एकही निघत नव्हता.

माझं काम वाहतूक यंत्रणांचं नियोजन करायचं. कागदोपत्री याला 'बुद्धिमान वाहतूक प्रणाली' म्हणतात. आधीची वाहतूक निर्बुद्ध होती असं त्यातून सुचवल्यासारखं वाटतं, म्हणून मी आपली इंग्रजी आद्याक्षरांनी आयटीएसच म्हणते. लोकांना वाटतं हे कॅमेऱ्यांचं आणि रस्त्यावरच्या दिव्यांच्या फलकांचं काम आहे. ती खरेदी शेवटी येते. त्याआधी कोणती माहिती कुणाकडे आहे, ती कुणाला हवी, कुठल्या रूपात आणि किती वाजायच्या आत, हे ठरवावं लागतं. अमेरिकेत २००१ पासून नियमच आहे की, केंद्राच्या महामार्ग निधीतून असं काही उभारायचं तर ते त्या प्रदेशाच्या मान्य आराखड्यात बसलं पाहिजे, आणि त्या आराखड्यात राज्याच्या नि शहराच्या यंत्रणांची कामं लिहिलेली असली पाहिजेत. आपल्याकडे फलक आधी उभा राहतो. त्यावरची ओळ कुणाच्या सांगण्यावरून बदलायची, हे मग पहिल्या पावसात ठरतं. निदान माझा अनुभव तसा आहे.

सांगलीत हा खेळ महागात पडतो. मी सांगलीचीच, गावभागातली. आमच्या घराच्या भिंतीवर पुराच्या तीन रेघा आहेत: २००५, २०१९, २०२१. इथल्या माणसाला पाणी फुटात कळतं, तेही कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या फुटांत. चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. त्या ऑगस्टमध्ये खाली कोल्हापूरजवळ शिरोलीला पंचगंगेचं पाणी पुणे-बेंगळुरू महामार्गावर आलं आणि तो जवळपास आठवडाभर बंद राहिला. ट्रकच्या रांगा मागे लांबवर लागल्या. काही चालकांनी पेठ नाक्यावरून सांगलीकडे गाड्या वळवल्या. इकडून निघून जाऊ, असा हिशोब. इकडे सांगलीच बुडालेली.

म्हणून एका जूनमध्ये एक दिवसाची रंगीत तालीम ठेवली होती. पूर कागदावरचा, पण माणसं खरी: जलसंपदा, बांधकाम, राष्ट्रीय महामार्ग, महापालिका, जिल्हा परिषद, जिल्हा पोलीस, महामार्ग पोलीस, आरटीओ, आपत्ती कक्ष आणि एसटी. मी एकेक चिठ्ठी उघडून वाचायची आणि प्रत्येकाने 'या क्षणी मी काय करतो' ते सांगायचं.

पहिली चिठ्ठी: आयर्विनला ३६ फूट, कोयनेचा विसर्ग वाढवला. सगळ्यांकडे उत्तरं तयार. दुसरी: ४० फूट. तीही सुरळीत. तिसरी चिठ्ठी मी मुद्दामच साधी ठेवली होती. ४३ फूट, रात्रीचे दोन, अंकलीकडच्या रस्त्यावर पाणी यायला लागलंय. रस्ता बंद कोण करतं?

कुणीच काही बोललं नाही.

मग तिघं एकदम बोलले आणि तिघांनीही दुसऱ्याकडे बोट दाखवलं. रस्ता ज्यांचा, त्यांच्याकडे अडवायला माणूस नाही. ज्यांच्याकडे माणूस, त्यांना लेखी आदेश हवा. आदेश काढायचे अधिकार आहेत ते, २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने, जिल्हा प्राधिकरणाला. पण दोन वाजता रस्त्यावर गुडघाभर पाणी आलंय हे प्राधिकरणाला कळवणार कोण, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. माझ्याही नाही. माझ्या आराखड्यात तिथे एक सुबक बाण होता आणि त्यावर लिहिलं होतं, 'रस्ता स्थिती माहिती'. फोन कोण उचलणार हे बाणाला विचारता येत नाही.

त्यात नावांचा घोळ. एक खातं त्या पुलाला अंकली पूल म्हणतं, दुसऱ्याच्या नोंदवहीत तो किलोमीटरच्या आकड्याने आहे, तिसऱ्याकडे 'कृष्णा नदीवरील मोठा पूल' असा. कृष्णेवरचे मोठे पूल सांगलीच्या आसपास मोजायला बसलं तर एका हाताची बोटं पुरत नाहीत. एकमेकांना संदेश पाठवायला यंत्रणा जोडल्या असत्या तर तो संदेश पोचलाही असता, फक्त चुकीचा पूल बंद झाला असता. पातळीचंही तेच. आम्ही फुटात बोलतो. खाली कर्नाटकात अलमट्टीची पातळी समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये सांगतात. धरण भरलं की ५१९.६०. कोयनेचा साठा टीएमसीत, १०५ च्या आसपास. विसर्ग क्युसेकमध्ये. चार मापं, आणि समोर बसलेल्या हवालदाराला हवंय फक्त 'बॅरिकेड लावू का नको'.

या गोंधळात नियंत्रकांनी बाणाचा मुद्दा काढला. मी थोडी चिडूनच विचारलं, "तुमच्याकडून कसली माहिती निघेल, काका?"

त्यांनी पिशवीतून एक लांबट वही काढली. रेक्झिनचं कव्हर, कोपरे झिजलेले.

"मुक्कामी गाडीची."

ज्यांनी गावात दिवस काढलेत त्यांना मुक्कामी गाडी सांगायला नको. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन गावात जाते, रात्री देवळापाशी नाहीतर ग्रामपंचायतीपाशी थांबते आणि पहाटे दूधवाले, कॉलेजची पोरं घेऊन परत येते. पुराच्या दिवसांत ती गाडी पाठवायची की नाही हे नियंत्रकाला संध्याकाळी पाच-साडेपाचलाच ठरवावं लागतं. पाठवली आणि रात्रीत पाणी चढलं तर गाडी, चालक, वाहक सगळे पलीकडे अडकले. नाही पाठवली आणि पाणी आलंच नाही, तर सकाळी सरपंचाचा फोन.

"मग ठरवता कसं?"

"सकाळी आलेल्या डायव्हरला इचारायचं. ओढ्याला फुगवटा हाय का, पुलाखालनं पाणी उलटं सरतंय का. म्हातारी मान्सं गावात काय म्हन्त्यात. मग आयर्विनचा आकडा बघायचा. आन् कराडास्नं कोयना काय सोडतीया ते."

वही मी चाळली. तारीख, गाव, फेरी, 'बंद', 'फिरवून', 'अर्ध्यातून परत', आणि शेवटच्या रकान्यात आयर्विनची त्या वेळची पातळी. नऊ-दहा पावसाळे. हात दोन-तीन जणांचे. एक निवृत्त झाला की वही पुढच्याकडे. कुठल्या गावाचा रस्ता कितव्या फुटाला तुटतो हे आम्ही उंचीच्या नकाशांवरून आणि पाण्याच्या गणिती प्रारूपावरून काढायचा घाट घातला होता. इथे ते निळ्या बॉलपेनने लिहिलेलं होतं. तेही रस्ता बुडाल्यानंतरचं नाही, बुडायच्या आठ-नऊ तास आधी घेतलेल्या निर्णयाचं.

माझी चूक मला तिथे दिसली. मी चौकोन काढले ते कुणाकडे यंत्रं आहेत, रस्ता कुणाच्या मालकीचा आहे, हे बघून. सगळ्यात आधी कुणाला कळतं, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. एसटी माझ्या लेखी माहिती घेणारी होती. बसमधल्या जीपीएसचा बाण तरी काढायला हवा होता, तोही मी 'दुसऱ्या टप्प्यात' ढकलला होता.

जेवण झाल्यावर तालमीचा नूर पालटला. वही टेबलावर मधोमध ठेवली आणि आयर्विनच्या दर फुटामागे एक ओळ असा तक्ता लिहायला घेतला. डावीकडे फूट, मधे कुठली मुक्कामी गाडी रद्द, उजवीकडे त्यावरून कुणी कशाला लागायचं. गाडी रद्द झाली की आपत्ती कक्षाला फोन, कक्षाकडून त्या रस्त्याच्या दोन टोकांच्या पोलीस ठाण्यांना, आणि आदेशाचा मसुदा संध्याकाळीच सहीसाठी. रात्री दोनला फक्त वेळ भरायची. हे जुळवायला एक कॅमेरा लागला नाही. पुलांना एकच यादी आणि एकेक क्रमांक दिला. त्यावर मात्र पाऊण तास भांडण झालं, कारण प्रत्येकाला आपलाच क्रमांक पुढे न्यायचा होता. शेवटी नदीच्या वरून खाली, एक-दोन-तीन.

मग महामार्गावरचे फलक. पेठ नाक्यावर 'पुढे पूर' लिहून उपयोग नाही. तिथवर आलेल्या ट्रकवाल्याकडे पर्याय उरलेला नसतो. त्याला सांगायचं तर साताऱ्याच्याही अलीकडे, जिथून तो अजून सोलापूरकडे वळू शकतो. म्हणजे सांगलीच्या पाण्याची ओळ दुसऱ्या जिल्ह्यातल्या फलकावर झळकली पाहिजे, आणि तो फलक बदलणारा माणूस तिसऱ्याच नियंत्रण कक्षात रात्रपाळीला एकटा बसलेला. त्याने कुणाचा फोन खरा मानायचा? त्यासाठी सात संदेश आधीच मंजूर करून ठेवायचं ठरलं. फोनवर फक्त क्रमांक सांगायचा, त्याने ठरलेल्या नंबरवर उलट फोन करून खात्री करायची, वहीत वेळ लिहायची.

शब्दांवर सगळ्यात जास्त वेळ गेला. एकाने सुचवलं, 'सांगली मार्गे कोल्हापूर बंद'. आरटीओतल्या बाई म्हणाल्या, "म्हणजे दुसऱ्या मार्गाने कोल्हापूर सुरू आहे?" दोन ओळींत, तामिळनाडूच्या आणि राजस्थानच्या चालकाला ऐंशीच्या वेगात कळेल असं लिहायचं. 'कृपया', 'पूरपरिस्थितीमुळे', 'पर्यायी मार्गाचा अवलंब करावा' हे सगळं उडवलं. उरलं: 'कोल्हापूर बंद. सोलापूरकडे वळा.' खाली तेच हिंदीत. कन्नडसाठी वेगळा पट्टा मागायचं ठरलं.

महामार्ग पोलिसांतले एक हवालदार दिवसभरात एकदाच बोलले. "बंद कराय सोपं हाय, साहेब. उघडायचा फोन कोन करनार?" पाणी ओसरल्यावर पूल तपासायचा, भराव खचला नाही ना बघायचं, मग उघडायचा. फलक मात्र दोन दिवस 'बंद'च दाखवत राहतो, आणि पुढच्या वेळी त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. त्यासाठी आठवा संदेश धरला. तो लावायची जबाबदारी कुणी घ्यायची हे त्या दिवशी ठरलं नाही. साडेसहा वाजले होते.

निघताना मी मार्कर घेतला आणि एसटीच्या चौकोनातून आपत्ती कक्षाकडे एक जाड बाण काढला. नियंत्रकांनी लांबून बघितलं, मान हलवली आणि वही पिशवीत घातली. पाचची वेळ चुकवून ते बसले होते. हाताखालच्या पोराला दोनदा फोन करून त्यांनी गाड्या सोडायला सांगितल्या होत्या.

दहा दिवसांनी बैठकीचं इतिवृत्त आलं. सोबत आराखडा, संगणकावर स्वच्छ काढलेला, रंगीत. एसटीच्या चौकोनाकडे पाच बाण. पाचही आत जाणारे.

मी फोन केला. टंकलेखन केलेला मुलगा नम्र होता. "मॅडम, तो एक बाण उलटा होता. हाताने काढताना चुकला असेल म्हणून मी सरळ केला."

"तो उलटाच आहे," मी म्हटलं. "परत कर."

"मग पुन्हा सगळ्यांच्या सह्या लागतील."

बाहेर पाऊस धरला होता. मी त्याला सह्या घ्यायला सांगितलं.