दशावतारासाठी कॅमेरा: पस्तीस हजारांत काय घेतलं आणि का

कॅमेरा घ्यायचाय म्हटल्यावर ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येकाने एकच विचारलं, "मोबाईल आहे ना, मग कशाला?" प्रश्न रास्त आहे. दिवसाउजेडी, सहलीत, लग्नात ताटासमोर बसून फोटो काढायचे असतील तर मीही हेच सांगेन, की पैसे घालवू नका.

मला दशावतार टिपायचा होता. नोकरी ठाण्याला, गाव वेंगुर्ल्याकडे. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास आमच्याकडे जत्रा सुरू होतात. देवाची पालखी फिरून आली की मध्यरात्रीनंतर नाटक उभं राहतं, ते पार उजाडेपर्यंत. देवळासमोर चार ट्यूबलाईट, एखादा हॅलोजन, नटांना बसायला एक बाकडं आणि बाजूला पायपेटी, मृदंग, झांज. एवढ्यात सगळा इंद्रदरबार. मोबाईलचा नाईट मोड अशा वेळी एकापाठोपाठ बऱ्याच फ्रेम घेतो आणि त्या जोडून फोटो उजळवतो. त्यात देऊळ सुरेख येतं, बाकडंही सुरेख येतं. तलवार उगारून गिरकी घेणाऱ्या राजाचा मात्र जांभळा-पिवळा फराटा होतो.

म्हणजे गरज दोन ओळींत मावत होती: कमी उजेड आणि हलणारा माणूस. बजेट पस्तीस हजार, त्यातच लेन्स, कार्ड, बॅग सगळं. हे आधी कागदावर लिहून ठेवलं म्हणून बरं, कारण दुकानात गेल्यावर संभाषण भलतीकडेच जातं. "सर, चोवीस मेगापिक्सेल आहे." अहो, कॅननचा १५००डी घ्या, २००डी मार्क टू घ्या, निकॉनचा डी३५०० घ्या, सगळ्यांत चोवीसच आहेत. त्यावरून निवड होणार तरी कशी? एका दुकानात दोन लेन्स, तिपाई, फिल्टर आणि बॅग असा कॉम्बो पुढे केला. वर दबक्या आवाजात, "बिल नको असेल तर तीन हजार कमी करू." बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही, हे तो अर्थातच बोलला नाही.

खरी गोम लेन्समध्ये होती. नव्या कॅमेऱ्याबरोबर १८-५५ मिलिमीटरची झूम होणारी किट लेन्स येते. ती ५५ला नेली की तिचं तोंड जास्तीत जास्त एफ ५.६ पर्यंत उघडतं; एफचा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं. एफ १.८च्या लेन्समधून त्याच्या नऊपटीहून जास्त उजेड आत येतो. हिशोब असा, की आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) ३२००वर किट लेन्सला जिथे शटर १/१५ सेकंद उघडं ठेवावं लागतं, तिथे एफ १.८ला १/१२५ पुरतो. एवढ्यात गिरकीचा फराटा बराच कमी होतो. मिररलेसचंही बघितलं, म्हणजे डीएसएलआरसारखा आत आरसा नसलेला नव्या पद्धतीचा कॅमेरा. कॅननचा आर५० हलका आहे आणि त्याचा ऑटोफोकस जुन्या डीएसएलआरच्या पुढे आहे, पण त्याच्यासोबतची १८-४५ची लेन्स शेवटाला एफ ६.३वर जाते. म्हणजे पैसे दुप्पट आणि उजेड आणखी कमी.

त्यामुळे मी उलट्या बाजूने निघालो. आधी लेन्स, मग तिला जमेल असा जुना कॅमेरा. माझं मत आहे की नवशिक्याने याच क्रमाने जावं, पण दुकानदाराला ते परवडत नाही.

५० मिलिमीटर एफ १.८ ही लेन्स कॅनन आणि निकॉन दोघांकडेही स्वस्तात मिळते. कॅननची २०१५ची एसटीएम त्यांच्या कुठल्याही डीएसएलआरवर बिनतक्रार चालते. निकॉनमध्ये एक मेख आहे. त्यांच्या जुन्या 'डी' जातीच्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती कॅमेऱ्यात असावी लागते. डी३५००, डी५६०० यांच्यात ती नाही, त्यामुळे त्यांच्यावर ५०ची डी लेन्स लावली की फोकस हाताने फिरवत बसा. डी७००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत मोटर आहे. वापरलेला २००डी की वापरलेला डी७२००, यात मी बरेच दिवस घुटमळलो. २००डी घेतला असता तरी काम झालं असतं, त्याचा फिरता स्क्रीन जमिनीवर बसून फोटो काढायला सोयीचाच. पण डी७२०० हातात घेतला आणि पकड पटली. माझे पंजे मोठे आहेत, छोट्या कॅमेऱ्यावर करंगळी लटकत राहते. शिवाय त्यात दोन कार्डांची सोय आणि आवाज कमी करणारा शटर मोड आहे. नाटक चालू असताना पहिल्या रांगेतून खटॅक-खटॅक केलं तर गावात कोणी ऐकून घेणार नाही.

विकणारा डोंबिवलीचा एक लग्नाचा फोटोग्राफर होता, तो मिररलेसवर चालला होता. लग्नवाल्यांचे कॅमेरे दामटलेले असतात म्हणून बरेच जण टाळतात. मला उलट वाटलं. असा कॅमेरा रोज वापरात असतो, बुरशी धरत बसत नाही, आणि किती वापरलाय ते मोजता येतं. निकॉनमध्ये हे सोपं आहे: एक फोटो काढायचा, लॅपटॉपवर घ्यायचा आणि एक्झिफटूल नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये उघडायचा, शटर किती वेळा पडलंय तो आकडा समोर येतो. याचा निघाला एकसष्ट हजार आणि काही. डी७२००चं शटर कंपनीने दीड लाखांसाठी तपासलेलं आहे. दीड लाखाला ते बंदच पडतं असं नाही, पण अंदाज येतो.

मग त्याच्या हॉलमध्येच पसारा मांडला. एफ २२वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला, म्हणजे सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी दिसते. कोपऱ्यात दोन ठिपके होते, ते साफ होतात. सेटअप मेनूत बॅटरीची माहिती असते, तिथे बॅटरीचं वय शून्य ते चार असं दाखवतं, इथे एक. पेपर टीपॉयवर तिरका ठेवून एका ओळीवर फोकस केला आणि तीच ओळ स्पष्ट येते की पुढची-मागची, ते बघितलं. किंचित मागची येत होती. या मॉडेलला ती चूक मेनूतून दुरुस्त करता येते, म्हणून पुढे सरकलो. मूळ बिल मागितलं आणि त्यावरचा सिरीयल नंबर कॅमेऱ्याच्या बुडावरच्या नंबराशी ताडून घेतला. चोरीचा माल घरात नको.

५०ची डी लेन्स त्याच्याकडेच होती. ती लावली तर स्क्रीनवर 'एफईई' अशी अक्षरं आली आणि शटर दबेना. तो बिचारा चपापला, "सर, कालपर्यंत चालत होती!" बिघाड काहीच नव्हता. या जुन्या लेन्सना अंगावर तोंड लहान-मोठं करायची रिंग असते, ती २२च्या आकड्यावर नेऊन बारीकशा खटक्याने अडकवावी लागते, तरच कॅमेरा ताबा घेतो. रिंग ११वर सरकली होती. फिरवली, खटका लावला, किर्र करत फोकस झाला. मोटरचा हा आवाज नव्या लेन्समध्ये नसतो, पण पाच हजारांत किर्र चालवून घेतलं.

जाता जाता त्याने एक १८-१४०ची लेन्स फार स्वस्तात देऊ केली. मोबाईलचा टॉर्च मागून धरून आत बघितलं, तर काचेच्या कडेला कोळिष्टकासारखे बारीक धागे पसरलेले. बुरशी. नमस्कार करून परत दिली. कॅमेरा सत्तावीस हजारांना, लेन्स पाचला. उरलेल्यात कार्ड, साधी बॅग आणि हवाबंद डबा.

या डब्याबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण आपल्याकडे तोच सगळ्यात दुर्लक्षित राहतो. ठाणे-मुंबईचा पावसाळा लेन्स खातो, कोकणाचं तर विचारूच नका. कापडी किंवा चामडी बॅगेत घालून कपाटात ठेवलेला कॅमेरा गणपतीपर्यंत बुरशी धरू शकतो. रबराची कड असलेला घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर, बस. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. निळं जेल गुलाबी झालं की ओलं झालं, ते तापवून पुन्हा निळं करता येतं. पोह्यांचा जुना डबा मागितला तेव्हा बायकोने विचारलं, "अहो, सत्तावीस हजारांच्या वस्तूला माझा डबा?" शेवटी नवा आणला.

जत्रेतल्या पहिल्याच रात्री कळलं ते ट्यूबलाईटबद्दल. १/२५० किंवा त्याहून वेगवान शटर ठेवलं तर एक फोटो उजळ, दुसरा काळपट-पिवळा येतो. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा मिणमिणतो. शटर १/१००वर ठेवलं की एक मिणमिण पूर्ण मावते आणि रंग एकसारखे राहतात. मग गिरकी सुरू असताना नव्हे, गिरकी संपून पाय टेकतो त्या क्षणाला बटण दाबायचं. काळ्या पेहरावातला संकासुर राक्षस आला की कॅमेरा सगळंच जास्त उजळ करायला बघतो, तिथे एक्स्पोजर थोडं खाली ओढावं लागतं. फ्लॅश बॅगेतही नेला नाही. नटाच्या डोळ्यांवर मधेच उजेड मारणं मला पटत नाही.

फोटो पाठवायला मोबाईलला लागणारा कार्ड रीडर घेतला, दीड-दोनशे रुपयांचा. तो सगळ्यात उपयोगी पडला. नाटक संपल्यावर रंग पुसता पुसता मंडळातले लोक भोवती जमले. मी चांगले चार-पाच निवडायला लागलो, तर कमरेला अजून लुगडं असलेले एक तात्या म्हणाले, "सगळे धाड हां, निवडत बसू नको."