जुन्या गोव्याची वाट आणि भावाकडचं येणं

दरवर्षी 3 डिसेंबरला जुन्या गोव्यात सायबाचं फेस्त (सण) असतं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं, आणि आम्ही सावंतवाडीकडची मंडळी दोन दिवस आधी चालत निघतो. बांदा, पत्रादेवी, मग कोलवाळचा पूल, म्हापसा, पर्वरी, असे साठ-पासष्ट किलोमीटर. मागे पिकअपमध्ये पिशव्या आणि म्हातारी माणसं, पुढे कोणीतरी माईकवर रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतंय.

गेल्या वर्षी मी निघालो तेव्हा डोक्यात फक्त मोठा भाऊ होता. बाबा गेल्यावर त्याने जमिनीचा व्यवहार मला न विचारता केला, पाच वर्षं आमचं बोलणं नाही. निघायच्या आधीच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादरांनी येशूने सांगितलेली त्या चाकराची गोष्ट घेतली ज्याला राजाने दहा हजार तलांत माफ केले आणि त्याने बाहेर येऊन सोबत्याचा गळा धरला शंभर दिनारांसाठी. एक दिनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी आणि एक तलांत म्हणजे सहा हजार दिनार, चालताना मी हिशोब केला तर ते 6 कोटी दिवसांची मजुरी झाली, जन्मभरात फिटायचं नाहीच. पण मला जास्त लागलं ते शंभर दिनारांचं, कारण तीन महिन्यांची कमाई काय थोडी असते का? येशू म्हणत नाही की तुझं येणं किरकोळ आहे. माझं दुखलंय ते खरंच दुखलंय, हे त्या गोष्टीत मान्य आहे, एवढ्यानेच मला जरा मोकळं वाटलं.

धारगळच्या पुढे टाचेला फोड आले तेव्हा मी माळेवर नमो मारियाची प्रार्थना म्हणताना एकेका मण्याला देवाचा एकेक उपकार आठवायचा ठरवला. बायबलातल्या स्तोत्र 103 मध्ये दावीद राजा स्वतःच्या जिवालाच बजावतो ना, त्याचे उपकार विसरू नकोस म्हणून. मुलगी सातव्या महिन्यात झाली आणि जगली, तो एक मणी. आईचं ऑपरेशन. कर्ज फिटलं ते. असं करत करत माझं कॉलेज आलं आणि मी थांबलोच, कारण ती फी भावाने स्वतःची मोटारसायकल विकून भरली होती. देवाने माझ्यासाठी जे केलं त्यात हा माणूस पण होता, आणि मी पाच वर्षं तेवढा एकच मणी वगळून माळ ओढत होतो.

राग तिथे संपला असं नाही. पर्वरीचा चढ चढताना परत आला, पणजी ओलांडून रायबंदरच्या रस्त्याला लागलो तेव्हाही आला, प्रत्येक वेळी परत पहिल्या मण्यापासून सुरू केलं.

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस चर्चच्या बाहेर फेस्ताच्या फेरीत, म्हणजे जत्रेत, खाज्याच्या दोन पुड्या घेतल्या. घरी आल्यावर एक घेऊन त्याच्या दारात गेलो, तो घरात नव्हता, वहिनी बाहेर आली, माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "चालत गेला होतात? बसा, गरम पाणी आणते." मी बसलो.