इस्लाम समजून घेताना : पुण्यातील एका ख्रिस्ती शिक्षिकेचा अनुभव

आमच्या चर्चच्या मंडळीतील तरुण संघासाठी इस्लामची ओळख करून देणारा छोटा अभ्यासक्रम तयार करावा, असे आमच्या धर्मगुरूंनी, म्हणजे पाळकसाहेबांनी, कमिटीत सुचवले आणि निवृत्त शिक्षिका म्हणून ते काम माझ्याकडे आले. मंडळीतील बहुतेक मुलेमुली कॅम्पातील कॉलेजांत शिकतात, त्यांच्या वर्गात मुस्लिम मित्रमैत्रिणी असतात, ईदचा शीरखुर्मा आणि नाताळचा केक यांची देवाणघेवाणही दरवर्षी होते; तरीही त्या मित्रांच्या श्रद्धेविषयी या मुलांना जे ठाऊक होते, ते जवळजवळ सगळे मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतून आलेले होते. मुस्लिम मुलांची ख्रिस्ती धर्माविषयीची माहितीही त्याच मार्गाने येते, हे पुढे कळले.

सुरुवातीला जी पुस्तके हाती आली, त्यांनी मला काळजीत टाकले. ख्रिस्ती लेखकांची पुस्तके इस्लामचे खंडन करण्यासाठी लिहिलेली होती, तर मुस्लिम प्रचारपत्रके बायबलमधील विसंगती मोजत बसली होती. अशा साहित्यातून वादविवादाची तयारी होते, शेजाऱ्याची ओळख होत नाही. तेव्हा मी स्वतःपुरता एक नियम ठरवला. इस्लामविषयी मी जो मजकूर लिहीन, तो एखाद्या जाणकार मुस्लिमाने वाचावा आणि ‘होय, आम्ही असेच मानतो’ असे म्हणावे; तसे म्हणता येत नसेल, तर तो पाठ मुलांपुढे जाणार नाही. ऐकायला सोपा वाटणारा हा नियम पाळायला फार जड गेला, आणि अभ्यासक्रमाला लागलेला बहुतेक वेळ त्यानेच घेतला.

तपासणारी व्यक्ती मला दूर शोधावी लागली नाही. आमच्या शाळेत उर्दू शिकवणाऱ्या एक ज्येष्ठ सहकारी होत्या. सगळा स्टाफ त्यांना आपा म्हणत असे आणि त्या मला आजही टीचर म्हणतात. त्यांचे धाकटे दीर मदरशातून आलिम (धर्मपंडित) झालेले आहेत आणि भवानी पेठेत मुलांना शिकवतात. त्यांना मी मौलाना म्हणते. माझे कच्चे पाठ आधी आपांकडे आणि मग मौलानांकडे जाऊ लागले.

कुरआनचे मराठी भाषांतर सहज मिळाले, पण ते वाचणे सहज जमले नाही. बायबल वाचणाऱ्याला ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकापासून पुढे जाणाऱ्या कथेची सवय असते. कुरआनच्या 114 सूरा (अध्याय) कालक्रमाने लावलेल्या नाहीत. सुरुवातीची छोटी फातिहा सोडली, तर साधारणपणे मोठ्या सूरा आधी आणि लहान सूरा शेवटी येतात. त्यामुळे दुसऱ्याच सूरेत, 286 आयतींच्या (वचनांच्या) ‘अल-बकरा’मध्ये, वाचकाला इस्राएलचा इतिहास, उपवास, घटस्फोट, कर्ज आणि व्याज हे सारे विषय एकामागून एक भेटतात आणि तो गोंधळतो. आपा म्हणाल्या, “टीचर, पहिल्या पानापासून नका सुरू करू. आधी मरियम वाचा, मग यूसुफ, मग शेवटच्या छोट्या सूरा. बकरा नंतर घ्या.” हा क्रम मी मुलांसाठीही तसाच ठेवला. अनोळखी ग्रंथात कुठून शिरायचे, हे त्या ग्रंथासोबत वाढलेल्या माणसालाच विचारावे, असे माझे मत त्यावरून पक्के झाले.

एकोणिसावी सूरा येशूची आई मरिया, म्हणजे मरियम, हिच्या नावाची आहे, आणि संपूर्ण कुरआनात नावाने उल्लेखलेली स्त्री ती एकटीच आहे. तिथे गव्हाणी नाही, बेथलेहेम नाही, मरियेचा पती योसेफही नाही. प्रसूतीच्या कळांनी व्याकूळ झालेली मरियम खजुरीच्या बुंध्याशी एकटी आहे, तिला झाड हलवून ताजी खजूर खायला सांगितले जाते, आणि लोक तिच्यावर बोट ठेवतात तेव्हा पाळण्यातले बाळच बोलू लागते. कुमारी मरियेपासून झालेला जन्म कुरआनला मान्य आहे. ईसांना, म्हणजे येशूला, ‘मसीह’ (ख्रिस्त) म्हटलेले आहे. अल्लाहच्या अनुमतीने त्यांनी आंधळ्यांना दृष्टी दिली, कुष्ठरोग्यांना बरे केले आणि मेलेल्यांना उठवले, असेही सांगितलेले आहे. हा पाठ घेतला तेव्हा आमची मुले चकित झाली, कारण मुस्लिम येशूला मानतच नाहीत अशी त्यांची समजूत होती.

इथेच थांबून ‘बघा, किती सारखेपणा आहे’ असे म्हणण्याचा मोह होतो, आणि सर्वधर्मसमभावाच्या व्यासपीठांवर बहुधा तिथेच थांबतात. मला त्या आदबशीर गोडव्याचा पहिल्यापासून थोडा कंटाळा आहे. पाठ वाचून मौलानांनी मला वेगळ्या शब्दांत तेच सांगितले : “आम्ही ईसांना पैगंबर मानतो, तुम्ही मानता तसे मानत नाही. हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर पुढे त्यांना फसवल्यासारखे वाटेल.” त्यानंतर आमच्या बैठकांत, ज्यांत काही मुस्लिम मुलीही असत, मतभेदाला जास्त वेळ मिळाला, आणि माझ्या अनुभवाने ओळखही त्यातूनच वाढली.

एक मोठा उलगडा अनपेक्षितपणे झाला. माझ्या बायबलमध्ये पेन्सिलीच्या खुणा, समासातील टिपणे, उपदेशांच्या तारखा असे सगळे असते. आपांनी ते पाहिले आणि त्या जरा दचकल्या. त्यांच्या घरी कुरआन रेशमी वेष्टनात, सर्वांत वरच्या फळीवर असतो, वुजू केल्याशिवाय, म्हणजे विधिपूर्वक हातपाय-तोंड धुतल्याशिवाय, त्याला हात लावत नाहीत, आणि त्यात रेघ ओढण्याचा विचारही कुणाच्या मनात येत नाही. त्यावर बोलता बोलता जे स्पष्ट झाले, ते धर्मांचे अभ्यासक पूर्वीपासून सांगत आले आहेत. आपण कुरआनची तुलना बायबलशी आणि मुहंमद पैगंबरांची तुलना येशूशी करतो. पण त्या त्या धर्मातील स्थान पाहिले तर कुरआनची जोडी ख्रिस्ताशी लागते. योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे (बायबलमधील येशूच्या चार चरित्रांपैकी हे एक) देवाचा शब्द देही झाला तो ख्रिस्तामध्ये. मुस्लिमांच्या श्रद्धेप्रमाणे देवाचा शब्द अरबी कुरआनाच्या रूपाने उतरला. बायबल हे प्रेरित माणसांनी लिहिलेले आहे, त्यात लूकची शैली वेगळी आणि योहानाची वेगळी, असे आम्ही सहज म्हणतो. कुरआनात पैगंबरांची शैली शोधणे मुस्लिमाला मुळातच गैर वाटते, कारण त्याच्या लेखी ते पैगंबरांचे शब्दच नाहीत. ‘शुभवर्तमाने चार कशी?’ हा मुस्लिम मुलांकडून हमखास येणारा प्रश्न मला तेव्हा नीट कळला. तो प्रश्न खोडसाळपणाचा नसतो.

त्रैक्याचा, म्हणजे एकच देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा आहे या ख्रिस्ती सिद्धान्ताचा, पाठ सर्वांत अवघड ठरला. चौथ्या आणि पाचव्या सूरेत ‘तीन’ म्हणण्याला स्पष्ट विरोध आहे, आणि पाचव्या सूरेच्या शेवटाकडे अल्लाह ईसांना विचारतो की, मला आणि माझ्या आईला देव माना असे तू लोकांना सांगितलेस काय? ईसा नकार देतात. हे वाचताना ख्रिस्ती माणूस म्हणतो की, मरियेला त्रैक्यात कुणीच गणलेले नाही. इ.स. 325 च्या नायसियाच्या आणि 381 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेतून आलेल्या मतांगीकाराची, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या कबुलीची, सुरुवातच ‘एका देवावर’ विश्वास ठेवण्यापासून होते. मी हे सर्व मौलानांपुढे ठेवले. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि त्या आयतीत सिद्धान्ताच्या मांडणीपेक्षा मरियेची भक्ती करणाऱ्यांना उद्देशून बोललेले आहे, असे म्हणणारे भाष्यकार असल्याचेही सांगितले. मात्र आम्ही त्रैक्य कितीही नेमकेपणाने मांडले, तरी एका मानवाला देवत्व देणे तवहीदमध्ये, म्हणजे देव एकमेव आहे या श्रद्धेत, बसत नाही, हे त्यांचे म्हणणे जागच्या जागीच राहिले. ते तसेच राहणार. निदान आता त्यांचा नकार आम्ही खरोखर जे मानतो त्याला आहे.

वधस्तंभाच्या पाठात आम्ही दोन परिच्छेद शेजारी ठेवले. चौथ्या सूरेतील 157 वी आयत म्हणते की, त्यांनी ईसांना मारले नाही आणि वधस्तंभावरही चढवले नाही. आमच्यासाठी मात्र उत्तम शुक्रवारावाचून, म्हणजे येशूच्या वधस्तंभावरील मरणावाचून, सुवार्ताच उरत नाही. मौलानांचा परिच्छेद त्यांनी लिहिला, आमचा पाळकसाहेबांनी लिहिला, आणि दोघांनी एकमेकांचा वाचून त्यात एकेक शब्द सौम्य करून घेतला. जोडणारे वाक्य मी मुद्दाम घातले नाही.

इतिहासाचा भाग मुलांना सर्वांत आवडला. मक्केत छळ सुरू झाल्यावर, साधारण इ.स. 615 मध्ये, मुस्लिमांचा एक गट हबशाच्या ख्रिस्ती राजाकडे, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूला, आश्रयाला गेला. दरबारात जाफर इब्न अबी तालिब यांनी सूरा मरियमच्या आयती म्हटल्या आणि ते ऐकून राजाला अश्रू आवरले नाहीत, असे मुस्लिम परंपरा सांगते. 1219 मध्ये, क्रूसेडचे, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाचे, सत्र चालू असताना, असिसीचे संत फ्रान्सिस इजिप्तमध्ये दमिएत्ताजवळ सुलतान अल-कामिल यांना जाऊन भेटले आणि सुखरूप परतले. अलीकडच्या काळाविषयी दस्तऐवज मिळाले ते नगर रस्त्यावरील ज्ञानदीप विद्यापीठातील एका परिचित फादरांकडून. आमची मंडळी कॅथलिक नाही, पण कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी काढलेल्या घोषणापत्रात मुस्लिमांविषयी आदराने लिहिलेला परिच्छेद आम्ही पूर्ण वाचला. 13 ऑक्टोबर 2007 रोजी 138 मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मनेत्यांना लिहिलेले पत्र तर अभ्यासाला फारच उपयोगी पडले, कारण देवावर प्रीती आणि शेजाऱ्यावर प्रीती या दोन आज्ञा त्यांनी कुरआन आणि बायबल दोन्हींतून उतारे देऊन मांडल्या आहेत. 2019 मध्ये अबुधाबीत पोप फ्रान्सिस आणि कैरोतील अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांनी सह्या केलेल्या मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावरून आम्ही लवकर पुढे सरकलो. तरुणांना त्याची भाषा सरकारी वाटली आणि मलाही.

अवघड प्रश्न टाळायचे नाहीत, असे ठरलेले होते. आमच्या मुलांनी पाकिस्तानातील ईशनिंदेच्या कायद्याविषयी आणि त्याखाली फाशीची शिक्षा होऊन पुढे सुटलेल्या ख्रिस्ती आसिया बीबींविषयी विचारले. आपांच्या नातीने क्रूसेडमध्ये 1099 साली जेरुसलेमात झालेल्या कत्तलीविषयी विचारले. दोन्ही बाजूंना क्षणभर वकिली करण्याची हुक्की आली. आपल्या धर्माच्या नावाने झालेल्या प्रत्येक गोष्टीचा बचाव करण्याची जबाबदारी इथे कुणावरही नाही, एवढे पाळकसाहेबांनी सांगितल्यावर बोलणे पुन्हा सुरू झाले. ‘आपण दोघेही अल्पसंख्याक, म्हणून एकत्र राहू’ असाही एक सूर निघाला. त्यातले व्यवहारज्ञान मला कळते, पण ते राजकारण झाले. समजूत वाढवायला ते कारण अपुरे आहे.

धर्मांतराचा प्रश्नही आलाच, कारण सुवार्ता सांगणे हे आमचे काम आणि दावत, म्हणजे इस्लामकडे बोलावणे, हे त्यांचे. बैठकीत कुणी कुणाला बोलावणे करायचे नाही, मात्र आपला धर्म खरा वाटतो हे लपवायचेही नाही, असे आम्ही ठरवले. ते आतापर्यंत टिकले आहे.

2025 मध्ये रमजान आणि लेंट (ईस्टरपूर्वीचा ख्रिस्ती उपवासकाळ) एकाच आठवड्यात सुरू झाले, 2 मार्चला पहिला रोजा आणि 5 मार्चला राखेचा बुधवार, त्यामुळे उपवासाचा पाठ आपोआप रंगला. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाणीही न पिणाऱ्या मुलीसमोर आमच्या मुलांना ‘लेंटमध्ये मी चॉकलेट सोडले आहे’ हे सांगायला जरा संकोच वाटला. उपवास गुप्तपणे करावा ही येशूची शिकवण आणि सर्वांनी मिळून रोजा सोडण्याची रीत, यांवर मग चांगली चर्चा झाली.

कमिटीतील एका ज्येष्ठ सभासदांचा आक्षेप अजून कायम आहे : आधी मुलांना स्वतःचा धर्म शिकवा, मग दुसऱ्याचा. तो मला निम्मा पटतो. मुस्लिम मैत्रिणीने विचारल्यावर त्रैक्य चार वाक्यांत सांगता येणारा एकही मुलगा आमच्याकडे निघाला नव्हता, म्हणून अभ्यासक्रमाच्या आरंभी आता मतांगीकारावरील पाठ घातले आहेत. पुढच्या फेरीत सूरा यूसुफ आणि उत्पत्तीचे 37 ते 50 हे अध्याय शेजारी ठेवून याकोबाचा मुलगा योसेफ (यूसुफ) याची कथा वाचायची आहे. मौलानांची अट एवढीच आहे की, बैठक असरच्या (दुपारनंतरच्या) नमाजनंतर सुरू होऊन मगरिबच्या (सूर्यास्तानंतरच्या नमाजच्या) आधी संपावी. तेवढ्या वेळात योसेफाला विहिरीतून काढून मिसरपर्यंत नेता येईल. तुरुंगापासून पुढचा भाग दुसऱ्या बैठकीसाठी ठेवावा लागेल.