तुम्ही विचारलंत म्हणून: प्रार्थनेत काहीच जाणवत नाही, मग काय?

हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदाचं लिहूनच टाकते. प्रत्येकाचे शब्द वेगळे पण गाऱ्हाणं साधारण असं, की मी बायबल वाचतो, प्रार्थना करतो, रविवारी उपासनेलाही जातो, पण ते देवाशी जवळचं नातं वगैरे जे म्हणतात ते मला काही जाणवत नाही, आणि चर्चमध्ये लोकांच्या साक्षी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते अनुभव, ऐकल्या की वाटतं आपल्यातच काहीतरी खोट आहे. मग आपली आत्मिक वाढ होतेय की नाही हे ओळखायचं कसं?

माझं मत विचाराल तर जाणवण्यावरून ओळखायला जाऊच नका. जाणवतं तेव्हा छान वाटतं, त्याबद्दल आभार माना, पण ते झोपेवर, तब्येतीवर, अगदी त्या दिवशीच्या गाण्यांवरसुद्धा अवलंबून असतं. मदर तेरेसांची खाजगी पत्रं त्या गेल्यानंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, पुस्तकरूपाने आली आणि लोक हादरलेच, कारण त्यांना आतून देवाचा दुरावाच जाणवत होता आणि तोही वर्षानुवर्षं. तरी त्यांनी प्रार्थना सोडली नाही की काम सोडलं नाही. त्यांचं देवाशी नातं नव्हतं असं म्हणायची कोणाची हिंमत आहे?

मग नातं कशात असतं? मला वाटतं खरं बोलण्यात. आपण प्रार्थनेला बसलो की आवाजच बदलतो, "हे दयाळू स्वर्गीय पित्या" पासून सुरुवात होते आणि "आमेन" पर्यंत एकही वाक्य असं नसतं जे आपण दिवसभरात खरंच मनात बोललोय, म्हणजे मनात चाललेला असतो बॉसचा राग, पैशाचं टेन्शन, बहिणीबद्दलची असूया, आणि तोंडाने आपण जगाच्या शांतीसाठी मागतोय. जगासाठी जरूर मागा, पण त्याआधी जे आहे ते सांगा ना. त्याला ते माहीतच आहे, पण आपण सांगतो तेव्हा आपण तिथे हजर असतो.

ह्यात भीती वाटते ती, देवाशी असं बोलणं पाप तर नाही ना. त्यासाठी बायबलमधलं प्रार्थनागीतांचं पुस्तक, स्तोत्रसंहिता, उघडा. १५० स्तोत्रं आहेत आणि त्यात विलापाची, तक्रारीची स्तोत्रं ढिगाने आहेत. ८८ वं तर मला फार जवळचं आहे, कारण बाकी विलापांत शेवटी शेवटी थोडा तरी आशेचा सूर लागतो, ह्यात लागतच नाही, ते अंधारातच संपतं. पण नीट वाचलं तर मध्येच तो माणूस म्हणतो की मी तुला रोज हाक मारतो, सकाळी सकाळी माझी प्रार्थना तुझ्यापुढे येते. म्हणजे भांडतोय, रडतोय, तू तोंड का लपवतोस असं तोंडावर विचारतोय, पण विचारतोय त्यालाच. पाठ फिरवून निघून नाही गेला. माझ्या लेखी जवळचं नातं ते हेच. प्रभू येशूनेसुद्धा वधस्तंभावर "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" हे २२ व्या स्तोत्रातलंच वचन उच्चारलं.

आणि ईयोब! बायबलमधला तो नीतिमान माणूस, ज्याच्यावर संकटांमागून संकटं आली. त्याचे मित्र सगळं बरोबर, धार्मिक बोलत होते (असे मित्र प्रत्येक मंडळीत असतात, फार हुशार असतात), की तू काहीतरी पाप केलं असणार म्हणून हे झालंय. शेवटी देव रागावला त्यांच्यावर, आणि म्हणाला की माझ्याविषयी माझा सेवक ईयोब जसं बोलला तसं यथार्थ तुम्ही बोलला नाहीत. ईयोबाच्या पुस्तकात बेचाळीसाव्या अध्यायात आहे. म्हणून प्रार्थनेत असा कोरडेपणा आला, काहीच जाणवेनासं झालं की लगेच "कुठलं पाप लपवलंयस" विचारणाऱ्यांचं मी फारसं मनावर घेत नाही.

कधीकधी तर कारण अगदीच साधं असतं. एलीया संदेष्टा थकून झाडाखाली पडला आणि मरण मागायला लागला, तेव्हा देवाने त्याला बोधवचन नाही दिलं, दूताकरवी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत खाऊ घातलं. देवाचा तो मंद शांत आवाज त्याला ऐकू आला तो त्यानंतर, चाळीस दिवसांनी होरेब डोंगरावर. म्हणून आधी झोप पूर्ण करा, आणि जगावंसंच वाटत नसेल तर चर्चच्या पाळकांशी बोला आणि डॉक्टरकडेही जा, दोन्ही करा, त्यात विश्वास कमी पडला असं काही नसतं.

आता वाढ दिसते कुठे, तर बायबलमधल्या गलतीकरांस पत्रात प्रेषित पौलाने आत्म्याचं फळ, म्हणजे पवित्र आत्मा माणसात घडवतो ते गुण, सांगितलंय, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता आणि पुढची, एकूण नऊ. ह्यातली बरीचशी एकट्याने दार लावून बसून कळतच नाहीत. सहनशीलता आहे की नाही हे कळायला समोर डोकं फिरवणारा माणूस लागतो! त्यामुळे "मला देव जवळ वाटतो का" ह्यापेक्षा घरातल्यांना विचारलेलं बरं की मी पूर्वीपेक्षा लवकर माफी मागते का, कमी ओरडते का. उत्तर ऐकायची तयारी ठेवा, घरचे सोडत नाहीत. योहान तर आपल्या पत्रात सरळच लिहितो, डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर प्रीती नसेल तर न दिसणाऱ्या देवावर कुठून असणार.

वेळ किती द्यायचा हेही विचारतात. प्रभू पहाटे उठून एकांतात जायचा असं मार्कच्या शुभवर्तमानात आहे आणि डोंगरावर रात्रभर प्रार्थना केली असं लूकच्या, म्हणजे अमुकच वेळ पवित्र असं नाही, तुमचं डोकं ठिकाणावर असेल ती वेळ घ्या. बायबल ॲपमधल्या रीडिंग प्लॅनचा स्ट्रीक, म्हणजे सलग दिवसांची मोजणी, तुटली म्हणून हळहळत बसू नका, तो मोबाईलचा हिशोब आहे, देवाचा नाही.

आणि सुरुवात कुठून म्हणाल तर स्तोत्र १३. सहाच वचनं आहेत, मोठ्याने वाचा, "किती वेळ" च्या पुढे तुमचं स्वतःचं जे असेल ते घाला. शेवटची दोन वचनं, भरवशाची आणि गाण्याची, तोंडातून निघत नसतील तर चौथ्यावर थांबा, आणि उद्या परत पहिल्यापासून.