तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, मोठा कोण

वेंगुर्ल्यात बरीच वर्षं संध्याकाळी पोरांना बास्केटबॉल शिकवतोय, त्यामुळे हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. "सर, खरा सांगा, जॉर्डन मोठो की लेब्रॉन?" म्हणजे एनबीएतले, अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधले, मायकेल जॉर्डन आणि लेब्रॉन जेम्स. गणपतीला मुंबईहून आलेले त्यांचे काका-मामा पण हेच विचारतात. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. माझं उत्तर बिल रसेल, १९५०-६०च्या दशकांत एनबीएत बॉस्टनकडून खेळलेला.

हे नाव घेतलं की पोरं लगेच मोबाईल काढून दाखवतात, सर, ह्याची तर मॅचला सरासरी १५ पॉइंट, जॉर्डनची ३० आणि त्याच्याच काळातल्या विल्ट चेंबरलेनने तर १९६१-६२च्या अख्ख्या सीझनला ५०.४ची सरासरी ठेवलेली, त्यातच २ मार्च १९६२ला एका मॅचमध्ये १००! मग हा रसेल कुठून आला मधेच?

आकडे खोटे नाहीत. पण तेव्हा लीगमध्ये टीम ९, खेळ नुसता पळापळीचा, शॉट धडाधड मारायचे आणि निम्म्याहून जास्त चुकायचे, म्हणून रिबाउंडचे, म्हणजे चुकलेला शॉट परत पकडण्याचे, पण ढीग. एनबीएत थ्री पॉइंटची रेघ, जिच्या बाहेरून बास्केट केली की तीन पॉइंट, ती आली १९७९-८०ला. हात लावून बॉलवाल्याला अडवायचं, ते कडक बंद झालं २००४-०५पासून, म्हणजे जॉर्डनने जो धक्काबुक्कीचा खेळ सोसला तो आजच्यांना नाही, आणि आजच्यांना जेवढ्या लांबून जाऊन अडवावं लागतं तेवढं रसेलला नव्हतं. पेपरच वेगळे आहेत हो, मार्क शेजारी शेजारी ठेवून काय कळणार?

पण मला खरं लागतं ते वेगळंच. एनबीएत ब्लॉक, म्हणजे समोरच्याचा शॉट हवेतच अडवणं, मोजायला लागले १९७३-७४ला आणि रसेल रिटायर झाला १९६९ला. म्हणजे ज्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता त्याचा अधिकृत आकडाच नाही! आणि तो ब्लॉक करून बॉल प्रेक्षकांत भिरकावून द्यायचा नाही, हलकेच टॅप करून कोर्टातच ठेवायचा, आपल्याच माणसाकडे, की तिथून लगेच फास्ट ब्रेक, समोरचे सावरायच्या आत हल्ला. हे मी वाचलेलं होतं, पण पटलं आमच्याकडच्या एका मुलीमुळे.

आठवीतली होती, उंच, शॉट अजिबात जात नसे. पावसाळा संपून आम्ही कोर्टावरचं शेवाळ घासून काढत होतो, खाऱ्या वाऱ्याने रिंग गंजलेली, ती खरवडत खरवडत मला म्हणाली, "सर, माझे तर सगळ्या मॅचींत झिरोच." मी स्कोअरशीट काढून बघितली. खरंच, तिच्या नावापुढे नुसते फाऊल. शीटवर बास्केट, फाऊल, टाइमआऊट एवढंच लिहितात ना. पुढच्या मॅचला मी वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने तिच्यासाठी वेगळ्या रेघा मारत बसलो. सात शॉट तिने अडवले, त्यातले पाच बॉल आमच्याच पोरींना मिळाले, आणि नंतर नंतर तर समोरच्या मुली ती उभी असेल त्या बाजूने आत यायच्याच बंद झाल्या, आता ह्याची रेघ कुठे मारणार सांगा. आम्ही चार पॉइंटने जिंकलो आणि तिचे शीटवर परत झिरो.

तेव्हापासून माझा रसेल पक्का झाला. १३ सीझनमध्ये ११ चॅम्पियनशिप, शेवटच्या दोन तर खेळाडू आणि कोच दोन्ही स्वतःच. सात मॅचच्या सिरीजमधल्या सातव्या निर्णायक मॅच १० खेळला, १०च्या १० जिंकला. फायनल्सच्या बेस्ट प्लेयरचं बक्षीस सुरू झालं १९६९ला, त्याच्या शेवटच्या वर्षी, आणि ते गेलं हरलेल्या लेकर्स टीमच्या जेरी वेस्टला! आता त्या बक्षिसाला नाव रसेलचंच आहे, त्याला स्वतःला ते कधीच मिळालं नाही.

१९६७ला विल्टच्या फिलाडेल्फियाने त्याला हरवलं, हेही खरं. फ्री थ्रो, म्हणजे फाऊलनंतर मिळणारे मोकळे शॉट, त्याचे बेताचेच होते. आणि बॉस्टनची टीम तगडी होती असं म्हणाल तर होतीच, पण तो यायच्या आधी त्या टीमकडे एकही चॅम्पियनशिप नव्हती, आणि तो आला त्याच सीझनला पहिली आली. ह्याच्यापुढे मला दुसरा पुरावा नको.

बाकी त्या दोघांतलाच एक सांगा म्हणाल तर जॉर्डन. सहा फायनल, सहाही जिंकल्या. लेब्रॉन इतकी वर्षं ज्या ताकदीने खेळतोय तसं दुसरं कोणी खेळलेलं नाही, पण फायनलला मी जॉर्डनच घेईन.

ती मुलगी आता कॉलेजला रत्नागिरीत असते. मागच्या पानाची ती वही मात्र आमच्याकडे चालूच आहे, आता पोरंच आळीपाळीने लिहितात. परवा त्यांनी आणखी एक रकाना मागितला, स्क्रीन कोणी लावली, म्हणजे आपल्या खेळाडूसाठी वाटेत उभं राहून समोरच्याला कोणी अडवलं, त्याचा. पट्टी घेऊन आखून दिला.